सहृदय स्वामित्व आणि उद्योगाचा उत्कर्ष



उद्योगधंद्याचा विचार आणि सहृदयतेचा विचार हे दोन्ही एका आसनावर बसू शकत नाहीत, अशी एक समजूत समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. पेढीच्या गादीवर बसणारा गृहस्थ सायंकाळी देवदर्शनास जातो, यथाशक्ति दानधर्म करतो, अन्नसंतर्पणात आनंदाने भाग घेतो. आणि त्याच गृहस्थाच्या दुकानातील गडी दोन दिवस तापाने अंथरुणास खिळला, तर महिनाअखेर त्या दोन दिवसांचे पैसे कापताना त्याचा हात क्षणभरही अडखळत नाही. त्यास कोणी याविषयी विचारलेच, तर धर्म तो धर्म आणि व्यवहार तो व्यवहार, असे उत्तर मिळते. हे उत्तर देणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो भ्यालेला असतो. हाताखालच्या माणसाचे सुखदुःख मनावर घेतले, तर आपला धंदा बुडेल, ही ती भीती होय.

ही भीती साधार आहे की निराधार, याचा निर्णय केवळ उपदेशाने होण्यासारखा नाही. व्यापारी मनुष्याचे समाधान जमाखर्चाच्या वहीनेच व्हावयाचे. यास्तव ज्या ठिकाणी हा प्रयोग प्रत्यक्ष घडला, पुष्कळ वर्षे चालला आणि ज्याचे आकडे लिहून ठेवलेले आहेत, अशा एका गिरणीचा वृत्तान्त येथे विस्ताराने पाहावयाचा आहे. तत्पूर्वी दोन शब्दांचा विचार करणे अवश्य आहे.

‘सहृदय’ हा शब्द संस्कृत साहित्यशास्त्रात काव्याच्या रसिकासाठी योजिलेला आहे. कवीच्या हृदयात जे उमटले तेच ज्याच्या हृदयात उमटू शकते, तो सहृदय. ‘अनुकंपा’ या शब्दाचा धात्वर्थही असाच बोलका आहे. दुसरा कापला असता त्याच्यामागोमाग आपणही कापणे, म्हणजे अनुकंपा. या दोन्ही शब्दांत उपकाराचा गंध नाही, वरून खाली टाकलेल्या भिक्षेचा भाव नाही. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याला काय दिसते ते पाहणे, एवढाच त्यांचा आशय आहे. धंद्यातील सहृदयता ती हीच. नोकराच्या जागेवरून आपले दुकान कसे दिसते, मजुराच्या जागेवरून आपला कारखाना कसा दिसतो, हे ज्याला पाहता येते तो सहृदय स्वामी.

ही दृष्टी आपल्याकडे नवी आहे असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याचे अर्थशास्त्र हे कठोर राजनीतीचे पुस्तक म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात हेर आहेत, दंड आहे, करवसुलीच्या नाना युक्त्या आहेत. तथापि त्याच ग्रंथात भृत्यांच्या वेतनाचे प्रकरण आहे आणि तेथे कौटिल्य स्पष्टपणे सांगतो की, काम करीत असता जो सेवक मृत्यू पावेल त्याच्या पत्नीला व मुलांना अन्न आणि वेतन मिळावे. त्याच्या घरच्या बालकांवर, वृद्धांवर व आजाऱ्यांवर अनुग्रह करावा. आणि सेवकाच्या घरी मृत्यू, आजार किंवा प्रसूती असता धन्याने द्रव्याने व मानाने त्याची संभावना करावी. ज्या आचार्याने पै-पैचा हिशेब लावला, त्याने हा खर्च व्यर्थ मानला नाही. राज्य टिकवावयाचे असेल तर सेवकाचे मन टिकविले पाहिजे, हे त्याने ओळखले होते. परंतु ग्रंथातील विधान आणि गिरणीतील व्यवहार यांत अंतर असते. म्हणून आता स्कॉटलंडमधील त्या गिरणीकडे वळू.

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात क्लाइड नावाची नदी आहे. तिच्या धबधब्यांच्या पाण्यावर चालणारी कापसाच्या सुताची गिरणी डेव्हिड डेल या व्यापाऱ्याने १७८६च्या सुमारास न्यू लॅनार्क येथे सुरू केली. वाफेचे यंत्र अजून सार्वत्रिक झालेले नव्हते; जेथे पाण्याचा जोर तेथे गिरणी, असा तो काळ. आसपास वस्ती विरळ, त्यामुळे माणसे दुरून आणावी लागत. गिरणीभोवती उभ्या राहिलेल्या गावात सुमारे दोन हजारांची वस्ती झाली आणि त्यांत सुमारे पाचशे मुले एडिंबरो व ग्लासगो या शहरांच्या अनाथगृहांतून आणलेली होती. डेल हा त्या काळच्या मानाने दयाळू धनी होता. मुलांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची तजवीज त्याने केली होती. परंतु दिवसभर गिरणीत राबून थकलेली मुले रात्री शाळेत काय शिकणार? मोठ्या माणसांत चोरी, मद्यपान आणि परस्परांतील भांडणे यांचा सुकाळ होता.

१७९९ साली ही गिरणी रॉबर्ट ओवेन नावाच्या तरुणाने आपल्या भागीदारांसह साठ हजार पौंडांस विकत घेतली आणि १८००च्या आरंभी तिचा कारभार हाती घेतला. ओवेन त्या वेळी २८ वर्षांचा होता. त्याचा जन्म १७७१चा, वेल्समधील एका लहान गावचा. लहानपणीच तो कापडाच्या दुकानात उमेदवारीस राहिला होता; म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे कसे असते, याचा त्यास अनुभव होता. पुढे विशीच्या सुमारास मँचेस्टरमधील एका मोठ्या गिरणीचा तो व्यवस्थापक झाला. तेथे त्याने जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. सुमारे पाचशे माणसांवर अधिकार मिळाला असता पहिले सहा आठवडे त्याने एकही सरळ हुकूम सोडला नाही. सकाळी सर्वांच्या आधी यावे, रात्री सर्वांच्या नंतर जावे, प्रत्येक यंत्र आणि प्रत्येक माणूस पाहावा, कोणी काही विचारले तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलावे, असा त्याचा क्रम होता. सहा आठवड्यांनंतर मगच त्याने आज्ञा देण्यास आरंभ केला. जो ऐकून न घेता आज्ञा देतो त्याची आज्ञा पुष्कळदा चुकीची असते आणि चुकीची आज्ञा पाळण्यात कामगाराचे श्रम व धन्याचे द्रव्य ही दोन्ही वाया जातात.

न्यू लॅनार्कला आल्यावर ओवेनला प्रथम विरोधच सोसावा लागला. तो परप्रांतीय, त्याची भाषा निराळी. नवा धनी आला तो आपले रक्त अधिक शोषण्यासाठीच आला, असे लोकांनी गृहीत धरले. त्याने कोणालाही व्याख्यान दिले नाही. तो एकामागून एक गोष्टी सुधारीत गेला. अनाथगृहांतून मुले आणणे त्याने बंद केले आणि दहा वर्षांखालील मूल गिरणीत कामास घ्यावयाचे नाही असा नियम केला. गावातील दुकानदार हलक्या प्रतीचा माल उधारीवर महाग विकीत आणि मजुरीचा मोठा भाग तेथेच गिळला जाई. ओवेनने गिरणीतर्फे दुकान काढले, चांगला माल घाऊक भावाने घेऊन थोड्याशा नफ्याने विकण्यास आरंभ केला आणि तो नफाही मुलांच्या शाळेकडे लावला. मजुरी एक पेनीने न वाढविता कामगारांच्या घरात अधिक धान्य जाऊ लागले. घरे दुरुस्त झाली, रस्ते स्वच्छ झाले.

कामातील शिस्तीसाठी त्याने एक चमत्कारिक युक्ती काढली. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ एक लहानसा चौकोनी लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग होते: काळा, निळा, पिवळा व पांढरा. आदल्या दिवशीचे काम वाईट असेल तर काळी बाजू समोर यावयाची, साधारण असेल तर निळी, चांगले असेल तर पिवळी आणि उत्कृष्ट असेल तर पांढरी. ओवेन गिरणीतून फिरताना ठोकळ्याकडे पाही, नंतर कामगाराकडे पाही आणि पुढे जाई. शिवी नाही, मार नाही, दंड नाही. ज्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटेल त्याला ओवेनकडे येऊन तक्रार करण्याची मुभा होती. आरंभी काळे रंग पुष्कळ दिसत. वर्षे लोटली तसे पिवळे व पांढरे वाढत गेले, असे त्याने लिहून ठेवले आहे. मारझोड हीच शिस्त समजणाऱ्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे सांगणे नलगे.

इतके होऊनही लोकांचा संशय पूर्णपणे गेला नव्हता. तो गेला एका संकटाने. ओवेनच्या आत्मकथनाप्रमाणे १८०६ साली अमेरिकेने आपल्या मालाची निर्यात बंद केली. कापसाचे भाव एकाएकी इतके चढले की, सूत काढणे म्हणजे तोटा पदरात घेणे झाले. इतर गिरणीवाल्यांनी सरळ मार्ग पत्करला. गिरण्या बंद केल्या आणि माणसांना घरी पाठविले. ओवेननेही यंत्रे थांबविली, परंतु एकाही माणसाला काढले नाही. यंत्रे स्वच्छ व नीट ठेवावीत एवढेच काम सांगून त्याने चार महिने सर्वांना पूर्ण मजुरी दिली. हा खर्च सात हजार पौंडांहून अधिक झाला. गिरणीची सारी खरेदी साठ हजारांची होती, हे ध्यानात घेतले असता सूत न काढणाऱ्या हातांना सात हजार देणे हा व्यापारी दृष्टीने केवढा साहसाचा निर्णय होता याची कल्पना येईल. वहीत ही रक्कम खर्चाच्या बाजूसच पडली. परंतु त्या चार महिन्यांनंतर ओवेनला न्यू लॅनार्कमध्ये कोणी परका म्हटले नाही. बंदी उठली तेव्हा त्याची यंत्रे तेलपाणी केलेली होती, शिकलेले हात जागेवर होते आणि त्या हातांची मनेही त्याच्याबरोबर होती.

फल काय झाले ते आता पाहू. १८०९च्या सुमारास भागीदारांत मतभेद झाले आणि गिरणी चौऱ्यांशी हजार पौंडांस नव्या मंडळीकडे गेली. ओवेन तिचा व्यवस्थापक व भागीदार राहिला. या दुसऱ्या भागीदारीचा सुमारे चार वर्षांचा हिशेब झाला, तेव्हा भांडवलावर दरसाल शेकडा पाच व्याज काढून ठेवल्यानंतरही एक लक्ष साठ हजार पौंड नफा झाल्याचे ओवेनने नमूद केले आहे. तरीही या भागीदारांना शाळेवरचा खर्च खुपत होता. अखेर १८१३ साली गिरणीचा लिलाव झाला. ओवेनने या वेळी असे भागीदार गोळा केले होते की, ज्यांनी शेकडा पाच व्याजावर समाधान मानून उरलेला पैसा कामगारांच्या व त्यांच्या मुलांच्या हितासाठी लावण्याचे मान्य केले. प्रसिद्ध विचारवंत जेरेमी बेंथॅम आणि परोपकारी विल्यम ॲलन हे त्यांत होते. लिलावात एक लक्ष चौदा हजार शंभर पौंडांची बोली करून त्यांनी गिरणी राखली. ओवेन गावी परतला तेव्हा लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढीत त्याला घरी नेले.

साठ हजारांची वस्तू चौदा वर्षांत एक लक्ष चौदा हजारांवर गेली. हे सर्व केवळ सहृदयतेमुळे झाले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पाण्याचा जोर अखंड होता, यंत्रे उत्तम होती, सुताचा व्यापार वाढत होता आणि ओवेन सुताची जात ओळखण्यात निष्णात होता. परंतु एवढे तरी निर्विवाद सिद्ध होते की, मुलांना कामातून वगळूनही, शाळेवर पैसा घालूनही, चार महिने बसून मजुरी देऊनही गिरणी बुडाली नाही, उलट भरभराटीस आली. ज्या भीतीचा आरंभी उल्लेख केला, तिला या आकड्यांनी उत्तर दिले आहे. १८१६ साली ओवेनने कामाचे तास जेवणाची सुटी वगळून सुमारे पावणेअकरावर आणले आणि गावात लहान मुलांसाठी शाळा उघडली. अन्य गिरण्यांतून तेरा-चौदा तास काम चालत असता हे घडले. ते पाहण्यासाठी युरोपातून हजारो लोक त्या खेड्यात येऊन गेले.

ओवेनने गिरणीमालकांना उद्देशून जे लिहिले त्याचा मथितार्थ फार मार्मिक आहे. लोखंडी यंत्र स्वच्छ ठेवले, वेळेवर तेल दिले तर ते अधिक काम देते, हे प्रत्येक मालक जाणतो आणि त्यासाठी आनंदाने खर्च करतो. मग त्याहून कितीतरी सूक्ष्म आणि नाजूक रचनेचे जे सजीव यंत्र म्हणजे मनुष्य, त्याच्याकडे तेवढेही लक्ष का देऊ नये, असा त्याचा प्रश्न होता. माणसाला यंत्र म्हणणे कानाला बरे वाटत नाही खरे. परंतु ओवेन ज्या श्रोत्यांशी बोलत होता त्यांना हीच भाषा समजत होती.

हिंदुस्थानातही याच वाटेने जाणारे उद्योगपती झाले. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना गिरणीच्या आतील स्थिती सांगावयास नको. जमशेटजींनी गिरणीत हवा खेळती व दमट ठेवण्याची साधने बसविली, आग विझविण्यासाठी पाण्याचे फवारे बसविले. कापसाचे सूत कोरड्या हवेत तुटते आणि दमट हवेत टिकते. म्हणजे ज्या हवेने सूत टिकले तिनेच कामगाराची तलखीही काहीशी कमी केली. त्यांनी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी स्थापला आणि १८९५ पासून अपघात झालेल्या कामगारास भरपाई देण्यास सुरुवात केली. अपघाताच्या भरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आज ती गिरणी चालू नाही. परंतु तिच्या यशातून उभा राहिलेला उद्योगसमूह देशाला सुपरिचित आहे.

याहून जवळचे उदाहरण बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून त्यांनी आरंभ केला आणि लोखंडी नांगर घडविण्यापर्यंत मजल मारली. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणविल्याने नांगर खपला नसता; त्याची शंका समजून घेऊन धीर धरावा लागला. पुढे १९१० साली औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी कारखाना व वसाहत उभी केली, तीच किर्लोस्करवाडी. त्या वसाहतीत अस्पृश्यतेला त्यांनी थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतले आणि कारखान्याच्या रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. ज्याच्यावर जगाने अविश्वास टाकला, त्याच्या हाती तिजोरीची राखण देणे याला केवळ भोळेपणा म्हणता येणार नाही. ज्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली तो ती प्राणापलीकडे जपेल, हा त्यामागील माणसाचा अभ्यास होता. निर्मनुष्य माळावर सुरू झालेल्या त्या कारखान्याचा विस्तार पुढे किती झाला, हे या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

या तीन उदाहरणांवरून सहृदयतेपासून धंद्यास होणारे लाभ चार प्रकारचे दिसतात.

पहिला लाभ स्थैर्याचा. शिकलेला माणूस निघून गेला म्हणजे त्याच्याबरोबर त्याचे शिक्षणही जाते. नवा माणूस येतो, तो महिनोन् महिने चुका करीत शिकतो आणि त्या चुकांची किंमत धनी भरतो. ही रक्कम वहीत कोठेच दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे मालकास वाटते. दोन दिवसांचा पगार कापून वाचविलेले पैसे मात्र वहीत दिसतात. न दिसणारा तोटा मोठा आणि दिसणारी बचत लहान, ही पुष्कळ धंद्यांची शोकांतिका आहे.

दुसरा लाभ सत्यवार्तेचा. जेथे चूक सांगितली असता अपमान होतो, तेथे चूक लपविली जाते. यंत्रातून आवाज येऊ लागला आहे, गिऱ्हाईक रागावून गेले आहे, पोत्यांना ओल लागली आहे, ही वार्ता सर्वांत आधी हाताखालच्या माणसाला कळते. तो धन्याला भीत असेल तर ती धन्याला सर्वांत शेवटी कळते आणि तोपर्यंत यंत्र मोडलेले, गिऱ्हाईक तुटलेले व माल कुजलेला असतो. कामगाराला तक्रारीसाठी उघडे ठेवलेले दार प्रत्यक्षात धन्याच्याच कानावर सत्य येण्याचे दार असते.

तिसरा लाभ नासाडी टळण्याचा. ज्या जागेविषयी ममत्व नाही तेथील वस्तूविषयीही ममत्व राहत नाही. सुताचा गुंता फेकणारा हात आणि तो सोडवून ठेवणारा हात यांची मजुरी एकच असते; फरक मनाचा असतो. न्यू लॅनार्कमधील चोरी कमी झाली ती पहारे वाढविल्याने नव्हे.

चौथा लाभ संकटकाळी साथ मिळण्याचा. प्रत्येक धंद्यावर केव्हा ना केव्हा पडता काळ येतोच. अलीकडे २०२०च्या साथीत सर्व व्यवहार एकाएकी थांबले आणि हजारो माणसे शहरांतून पायी गावाकडे निघाली. टाळेबंदी उठल्यावर पुष्कळ मालकांना कळले की, यंत्र जागेवर आहे परंतु चालविणारा हात शेकडो कोसांवर आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या चार महिन्यांचा अर्थ त्या वेळी अनेकांना नव्याने उमगला असेल.

मात्र येथे एका मोठ्या शंकेचा परामर्श घेतला पाहिजे. फलाच्या आशेने केलेली सहृदयता ही सहृदयता तरी म्हणावी काय? लाभ होतो म्हणून प्रेम करणे हा एक व्यापारच नव्हे काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर ओवेनच्या सात हजार पौंडांत आहे. ते देताना बंदी केव्हा उठेल हे त्याला ठाऊक नव्हते. ते परत येतील याची हमी कोणी दिली नव्हती. लाभ झाला तो पुढे झाला. जो आधी लाभ मोजतो आणि मग हात पुढे करतो, त्याचा हात चार महिने पुढे राहूच शकत नाही. पहिल्याच महिन्यात तो आखडता होतो. आणि आखडलेला हात लोक तत्काळ ओळखतात. म्हणून सहृदयतेपासून लाभ आहे हे जाणणे योग्य. ते जाणल्याने भीती जाते. परंतु लाभासाठी सहृदयतेचे सोंग घेणे व्यर्थ, कारण सोंग संकटात टिकत नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा द्यावयाचा आणि रोज सर्वांदेखत अपमान करावयाचा, याने कोणाचेही मन जिंकले जात नाही.

दुसरी गोष्ट, सहृदयता म्हणजे शैथिल्य नव्हे. ठोकळ्याची काळी बाजू ओवेनने कधी पांढरी केली नाही. वाईट काम वाईटच म्हटले गेले. माणसाचा अपमान तेवढा टळला. आणि तिसरी गोष्ट, सहृदयता केवळ भावना म्हणून मनात राहिली तर तिचा उपयोग होत नाही. ती दुकानात, वेळापत्रकात, शाळेत, तक्रारीच्या दारात म्हणजे व्यवस्थेत उतरावी लागते. डेल दयाळू होता. परंतु दमलेल्या मुलांची रात्रीची शाळा त्याने तशीच ठेवली. ओवेनने तास बदलले. दोघांतील अंतर एवढेच, परंतु ते निर्णायक आहे.

ओवेनच्या कार्यातही उणीव होती, हे सांगितल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. न्यू लॅनार्कमध्ये सर्व काही ओवेनने ठरविले. लोकांनी काय ठरवावे याला तेथे फारसा वाव नव्हता. तो पित्यासारखा वागला, परंतु पित्याचेही घर मुले मोठी झाल्यावर त्यांच्या विचाराने चालावे लागते. पुढे १८२५ साली अमेरिकेत न्यू हार्मनी येथे त्याने वसविलेली आदर्श वस्ती दोन-तीन वर्षांतच मोडली. न्यू लॅनार्कच्या गिरण्या मात्र अन्य मालकांच्या हाती १९६८ पर्यंत चालल्या आणि २००१ साली त्या गावाची जागतिक वारसास्थळांत गणना झाली.

हे सर्व मोठ्या गिरण्यांचे झाले; लहान दुकानदाराने यातून काय घ्यावे, असा प्रश्न येथे बसलेल्या अनेकांच्या मनात असेल. त्याचे उत्तर एका साध्या वस्तूत आहे. ती वस्तू म्हणजे बसण्याची चौरंगी. कापडाच्या मोठ्या दुकानांतून काम करणाऱ्या मुली दहा-दहा, बारा-बारा तास उभ्या असत. गिऱ्हाईक नसले तरी बसावयाचे नाही, असा पुष्कळ ठिकाणी दंडक होता. पाय सुजत, पाठ दुखत. त्यांनी आवाज उठविला तेव्हा केरळात २०१८ साली आणि तामिळनाडूत २०२१ साली त्यांना बसण्याची सोय देण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. एका चौरंगीची किंमत ती काय! धन्याने सायंकाळी स्वतः तासभर गादीवरून उठून गल्ल्यापाशी उभे राहून पाहिले असते, तरी हा कायदा करण्याचा प्रसंग आला नसता. ज्या दुकानात ही चौरंगी कायद्याच्या आधी आली, तेथील मुलीने सायंकाळच्या शेवटच्या गिऱ्हाइकालाही हसतमुखाने साडी उलगडून दाखविली असेल; जेथे आली नाही तेथे ते गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेले असेल.

ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस आहे, मग तो शेतावरचा गडी असो, छापखान्यातील जुळारी असो, खानावळीतील वाढपी असो वा कचेरीतील शिपाई असो, त्याने ओवेनचे सहा आठवडे स्वतःपुरते आठ दिवसांचे करावेत. आठ दिवस आज्ञा कमी द्यावी, पाहणे व ऐकणे अधिक करावे. हा माणूस किती दुरून येतो, केव्हा जेवतो, त्याला पाणी कोठे मिळते, त्याच्या घरी कोण आजारी आहे, आपल्या कोणत्या नियमाने त्याचे श्रम व्यर्थ जातात, एवढे जाणून घ्यावे. मग त्यांतील एक गोष्ट, एकच, परंतु कायमची बदलावी. तिचा खर्च वहीत स्वच्छ लिहावा आणि वर्षभराने त्याच वहीत डोकावून पाहावे. त्या एका बदलाने जर धंदा बुडाला नाही, तर दुसऱ्या बदलास हात घालावयास भीतीचे कारण उरणार नाही.

इत्यलम्.